एक्केचाळीस डब्यांची वही

मार्च लागला तरी पहाटेचा गारठा हटला नव्हता. शाल घ्यावी तर आठ वाजता घाम, न घ्यावी तर कान गार. मलप्पानं डोक्याला मफलर गुंडाळून गिरणीचं शटर वर ढकललं, तेव्हा सहाला पाच कमी होते. सहाला लाईट येणार आणि नवाला जाणार. मग एकदम दुपारी बारा. तेवढ्या तीन तासांत ट्यूशन एरियातल्या चार मेसचं दळण उरकायचं, वर गल्लीतल्या बायांचे डबे. लातुरात भारनियमनाचं वेळापत्रक बदलायचं, पण बारावीच्या पोरापोरींची भूक बदलत नव्हती.

त्याच्या गिरणीचा क्रम ठरलेला. गव्हावर गहू, मग ज्वारी, सगळ्यात शेवटी डाळी. ज्वारी दळल्यावर कुणाचा गहू घ्यायची वेळ आलीच, तर आधी घरचा शेर-दोन शेर गहू घालून दगड साफ करायचा. नाहीतर ज्वारीचं पीठ गव्हात उतरतं आणि चपाती लाटताना फाटते. हे त्याला बापानं चिंचसोंडच्या गिरणीत शिकवलं होतं. चिंचसोंड औशाच्या पुढं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं, बाप, आई आणि धाकटा भाऊ त्यात गेले. आता नवं चिंचसोंड दोन मैलांवर आहे, रांगेत मांडलेल्या सारख्या घरांचं. मलप्पा तिकडं राहायला गेला नाही. बायको गौरम्मा आणि तान्ह्या लेकीला घेऊन लातूरला आला नि गिरणी टाकली. ती लेक आता नांदेडला नर्सिंग शिकत होती.

मोटार घरघरली. पहिला डबा वरच्या चाडीत ओतताना मलप्पाच्या डोक्यात मात्र दळण नव्हतं. ब्लॉग होता.

हे खूळ वरच्या खोलीतल्या भाडेकरूचं. मुकुल सर. सव्वीस वर्षांचा पोरगा, एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा आणि रात्रंदिवस लॅपटॉप मांडीवर. संक्रांतीच्या सुमारास तो दळण घ्यायला खाली आला, तेव्हा मलप्पा एका जुन्या वहीत काहीतरी लिहीत बसला होता.

"काय लिहिताय मामा? हिशोब?"

"न्हाई वो सर. डबे."

भूकंपाच्या दिवशी चिंचसोंडच्या गिरणीत एक्केचाळीस डबे दळायचे पडून होते. ढिगारा उपसताना मलप्पानंच ते काढले. चेपलेले, फुटलेले, काही धडधाकट. डब्यावर नाव नसायचंच, खूण असायची. कुणाच्या डब्याला खिळ्यानं पाडलेली तीन भोकं, कुणाच्या कडीला तारेत ओवलेला निळा मणी, कुणाच्या बुडाला डांबर. मलप्पाला खुणेवरून घर कळायचं, घरावरून माणसं. दर डब्याला एक पान याप्रमाणं तो लिहीत गेला होता. ज्वारी कसली आणायचे, सून भांडखोर होती का, म्हातारा पीठ बोटानं चाखून बघायचा का. अठरा वर्षांत वही पिवळी पडली होती आणि कोपरे उंदरांनी कुरतडले होते.

"मामा, हे ब्लॉगवर टाका," मुकुल म्हणाला. "आपलीच वही, फक्त जगानं वाचायची."

"जगाला काय पडलंय माझ्या डब्याचं?"

"ते टाकल्याशिवाय कसं कळणार? फक्त चार गोष्टी आधी ठरवा. कुणासाठी लिहायचं, खऱ्या नावानं का टोपणनावानं, आठवड्याला एक तरी लिहिणं जमेल का, आणि कुणी वाकडं बोललं तर सोसेल का."

आतून गौरम्मा म्हणाली, "सर, ह्यांला गिऱ्हाईकाला 'या, बसा' म्हनायला येत न्हाई. आन जगाला बोलवायलेत."

मलप्पा हसला नाही. चारही गोष्टींची उत्तरं त्याच्याकडं होती. नाव खरंच लावायचं. आठवड्याला एक पान, तयारच होतं. वाकडं बोलणं तर दळणात दिवसाला दहा वेळा ऐकतो. आणि कुणासाठी? गावातली उरलेली माणसं पुण्याला, हैदराबादला, कुठं कुठं पांगली होती. त्यातल्या एकानं जरी वाचून म्हटलं, हा आमचा डबा, तर बास. आपण गेलो की ह्या खुणा सांगणारं कुणी राहत नाही, ही गोष्ट त्याला हल्ली दळता दळता टोचायची.

तरी तो दोन महिने हो-नाही करत राहिला. का अडतंय ते त्याला मुकुलला सांगता येत नव्हतं. शेवटी मुकुल म्हणाला, "नुसती बघायला द्या," आणि मलप्पानं वही दिली.

काल दुपारी मुकुल लॅपटॉप घेऊन गिरणीतच आला. "सरप्राईज!"

पहिली दोन पानं टाईप करून त्यानं टाकूनसुद्धा दिली होती. पहिल्या पानावर सगळ्या खुणांची यादी, दुसऱ्यावर पहिला डबा, गावातल्या शेजारणीचा, नागुबाईचा. वर मोठ्या अक्षरांत मथळा: भूकंपाच्या ढिगाऱ्यातून यशाच्या शिखराकडे.

"ह्ये शिखर कुठलं?" मलप्पानं विचारलं.

"मथळा ओढणारा लागतो मामा."

"आन ह्ये खालचं?"

खाली लिहिलं होतं: 'भीमाशंकर आज असता तर नक्कीच डॉक्टर झाला असता. आपल्या पाल्याच्या स्वप्नांसाठी आजच संपर्क साधा.' आणि क्लासचा फोन नंबर.

भीमाशंकर म्हणजे नागुबाईचा एकुलता एक पोरगा, भूकंपात गेलेला. मलप्पाच्या टाळूपर्यंत कळ गेली. "सर, मी तुमाला बघायला दिल्ती वही. आन त्याच्यात तुमी दुकान मांडलं?"

"अहो, तेवढी एक ओळ काढतो मी. पण हे बघा ना!" मुकुलनं स्क्रीन खाली सरकवला. कुणीतरी पुण्याहून लिहिलं होतं: 'कडीला निळा मणी असलेला डबा माझ्या आत्याचा. तो अजून आहे का हो?'

मलप्पाचा राग तिथंच लटकला. डबा होता. माळ्यावर होता.

रात्रभर त्याला तो मणी दिसत राहिला. आज सकाळी दळतानाही दिसत होता. काय उत्तर द्यायचं, मुकुलला शिव्या द्यायच्या का आभार मानायचे, ती ओळ काढली तरी मथळ्याचं काय, आणि मथळा बदलला तरी ते अडलेलं तसंच राहतंय त्याचं काय. शेजारची म्हातारी ज्वारी घेऊन आली, बस गाठायची म्हणून घाई करायला लागली. त्यानं तिची ज्वारी दळून दिली. आणि लगेच मुलींच्या मेसचा गहू उचलून चाडीत ओतला. घरचा गहू घालून दगड साफ करायचा राहिला. राहिला हे त्याला कळलंही नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

नवाला लाईट गेली. साडेनवाला नागुबाई आली.

नागुबाई पासष्टीची, चिंचसोंडचीच, मलप्पाच्या घरासमोरची. आता लातुरात मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. हातात फाटकी चपाती होती. ती तिनं काट्याच्या पारड्यात ठेवली.

"ह्ये काय हाय?"

मलप्पानं चपातीचा कडेचा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि त्याचं तोंडच उतरलं. "ज्वारी उतरली मावशी."

"मला ठावं न्हाई व्हय? नव्वद पोरी हायत. निम्म्या चपात्या तव्यावर जायच्या आदीच फाटल्या. पोरी म्हनायल्यात, मावशीचा हात गेला. माजा हात गेला का तुजं डोस्कं गेलं?"

"माजंच गेलं. बाराला लाईट आली की दुसरं दळून देतो. माज्या घरचा गहू घालतो."

"ते तर देशीलच." ती गेली नाही. कमरेतून घडी घातलेला कागद काढला. "ह्ये पोरींनी काढून आनलं नेटवरनं. मला वाचून दावलं. मावशी तुमचं नाव हाय म्हनल्या, लई खूश झाल्या."

मलप्पानं कागद ओळखला. वर शिखर होतं.

"ती खालची वळ माजी न्हाई मावशी. ते सरचं काम."

"ते कळतंय मला. डाक्टर व्हनार म्हनं. माजं पोरगं तलाठ्याची परीक्षा द्यायचं म्हनत हुतं." ती पोत्यावर टेकली. "पर वरलं तुजं हाय. भीमाचा डबा, गहू, धा किलो, तीन भोकं. समदं बराबर. भीमा शिट्टी वाजवीत दळाण घिऊन यायचा, ते बी बराबर. मग पुढं का न्हाई लिवलं?"

"पुढं काय?"

"गहू कशापायी दळायचा हुता?"

मलप्पा काट्याची वजनं रचायला लागला. गौरम्मा आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला येत न्हाई तर मी सांगते," नागुबाई म्हणाली. "भीमा गणपतीला गावाकडं आलता. विसर्जनादिवशी संध्याकाळच्या गाडीनं लातूरला खोलीवर जानार हुता. संगट पीठ न्यायचं हुतं. गिरनीचा दगड फुटल्याला. तू नवा दगड आनायला उदगीरला गेल्ता. त्याच दिवशी, बुधवारी दुपारी येनार हुतास. न्हाई आलास. पीठ न्हाई म्हनून भीमा ऱ्हायला. म्हनला, आई, सकाळच्या गाडीनं जातो."

सकाळ कुणाला दिसली नाही, हे कुणी बोललं नाही.

"बाळंतीन हुती मी," गौरम्मा हळू म्हणाली. "म्हायेरी, उदगीरला. लेक बगायला थांबले हुते हे."

गावात सगळे हेच म्हणत आले होते. पत्र्याच्या शेडमध्ये, पंचनाम्याच्या रांगेत, लग्नाकार्यात. लेकीनं बापाला वाचवलं. मलप्पानं कधी हो म्हटलं नव्हतं आणि कधी नाहीही म्हटलं नव्हतं. तेच अडत होतं. एक्केचाळीस डब्यांची पानं भरली होती. ते एक्केचाळीस डबे न दळता का पडले होते, ते पान नव्हतं.

"लेकीसाठी न्हाई थांबलो," तो म्हणाला. गौरम्माकडं बघायचं त्यानं टाळलं. "दगड सकाळीच टेम्पोत चढवला हुता. मेव्हना म्हनला, उदगीरची मिरवनूक बगून जा. लेझीम लई भारी असतंय म्हनला. म्हनून थांबलो."

गौरम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

नागुबाईनं कागदाची घडी पुन्हा घातली, आधीच्याच रेषांवर. "ठावं हाय. तुजा मेव्हनाच शेडमधी बोलून गेल्ता, त्याच दिवाळीत."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

"मी का बोलू? मिरवनूक मी बगितली व्हय?" तिचा आवाज एकदम चढला. "तू आमच्या घरात शिरलास, आमची भांडी, आमची भांडनं, आमचा भीमा, समदं लिवलंस. तुज्या घरचं एक अक्षर न्हाई. तुज्या बापाचा डबा नव्हता व्हय गिरनीत? आता म्हनं जग वाचनार. पोरी वाचायल्यात. त्यांला वाटायलंय, लई माया हाय ह्या मानसाला."

"हाय की माया."

"हाय. म्या न्हाई कुटं म्हनलं?" ती उठली. "ते पान लिव. आदी मला वाचून दाव. मग जगाला दाव न्हाईतर चुलीत घाल. आन पीठ बाराला म्हनजे बाराला. पोरींचे पेपर चालू हायत."

चपाती पारड्यात तशीच ठेवून ती गेली.

मलप्पा तिरीमिरीत जिना चढला. मुकुल ब्रश करत होता.

"ते काढून टाका सर. समदं."

"मामा, एकशेचाळीस जणांनी वाचलंय! एका दिवसात! आणि त्या निळ्या मण्याचं?"

मलप्पा उंबऱ्यातच थांबला. "त्यांचा पत्ता तेवढा मला लिवून द्या. डबा मी सवता निऊन देतो. बाकीचं काढा."

"एवढं चांगलं चालू झालंय. बंद कशासाठी?"

"एक पान ऱ्हायलंय."

"मग राहिलेलं नंतर टाकू की. ब्लॉगचं तेच तर सोपं असतं."

"तुमाला सोपं हाय." मलप्पानं टेबलावरची वही उचलली. ह्या पोराला सांगायचं तरी कुठून धरून? दगडापासून सांगावं का लेझमीपासून? "मला अठरा वर्सं झाली, एक पान व्हईना. आन तुमी आठवड्याला एक म्हनता."

मुकुलनं चूळ भरली आणि खांदे उडवले. मग लॅपटॉप उघडला. बॅटरी संपत आली होती. "काढतो. पण नंतर पस्तावाल."

"पस्तावलो तर तुमालाच सांगीन."

वही घेऊन तो खाली आला. पोत्यावर बसून मागचं कोरं पान काढलं. पेन झटकलं. 'बापाचा डबा. खूण:' इतकं लिहून तो थांबला. बापाच्या डब्याला खूण नव्हतीच. गिरणी आपलीच, खूण कशाला लागते. ते त्यानं लिहिलं. खाली लिहिलं, 'दगड टेम्पोत होता.' त्याच्या पुढं पेन जाईना. मिरवणूक हा शब्द लिहायला घेतला आणि तिथं कागद इतका दाबला की पान फाटलं. त्यानं शिवी हासडली. कुणाला ते त्यालाही कळलं नाही.

गौरम्मा चहा घेऊन आली. कप पोत्याशेजारी आदळून ठेवला. "बाराला पीठ द्यायचंय," ती म्हणाली. "दगड गुळगुळीत झालाय, कवाधरनं सांगायले. लाईट न्हाई तवर टाकी लावून खाचा तरी घाला."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. विचारेल. आज नाही तर उद्या.

मलप्पानं वही कोनाड्यात टाकली, पारड्यातली चपाती उचलून गल्लीतल्या गायीपुढं ठेवली. मग चाडी उतरवली, पट्टा काढला, वरचा दगड कलता करून उलटा पाडला आणि सांध्यात बसलेलं ज्वारीचं पांढरं पीठ आधी कुंचल्यानं झाडलं. टाकी-हातोडी घेऊन मांडी घातली आणि कडेपासून एकेक खाच घालायला सुरुवात केली. दहा वाजले होते. बारापर्यंत दोन्ही दगड व्हायला पाहिजे होते.