टेकाडावर थांबलेलं घर

परवा गावच्या उत्सवात व्यासपीठावरून कुणीतरी माझ्या आजीला 'धैर्यशील आद्य रहिवासी' म्हणालं आणि माझं डोकंच फिरलं. बार्बोरा शिमेक धैर्यशील वगैरे काही नव्हती, हट्टी होती. इतकी हट्टी, की तिचं घर आजही गावाबाहेर टेकाडावर एकटंच उभं आहे.

युरोपातलं मोराव्हिया सोडून अमेरिकेत, नेब्रास्काच्या या गवताळ रानात पहिलं घर तिनं आणि आजोबांनी, म्हणजे मातौशनी, बांधलं. येताना आजीनं आलुबुखाराच्या बिया रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यातली एक रुजली. पहिला मुलगा, त्याचं नाव वीत, तापानं गेला, तेव्हा इथे पाद्री नव्हता की स्मशान नव्हतं. दोघांनी त्याला त्या रोपाशेजारीच पुरलं. मग हळूहळू माणसं येत गेली, दुकान झालं, शाळा झाली. रोपाचं झाड झालं. आणि गाव म्हणावं असं काही दिसायला लागलं, तेवढ्यात रेल्वेचे रूळ तीन-चार मैल दक्षिणेकडून निघून गेले.

रेल्वे येत नाही म्हटल्यावर गावानंच तिच्याकडे जायचं ठरवलं. हिवाळ्यात जमीन दगडासारखी झाली की लाकडी घरं उचलून ओंडक्यांवर ठेवायची, घोडे जुंपायचे आणि ओढत न्यायची. त्यात आमच्या लोकांचा एक दंडक होता. चूल पेटती पाहिजे. घराची बाई आत बसून रांधणार, धुराड्यातून धूर निघत राहणार. विझल्या चुलीचं घर कुणी ओढायचं नाही, ते मेलेलं घर.

आजीनं नेमकं हेच धरलं. घोडे दारात आले की बाई चुलीत पाणी ओतून मोकळी.

"बार्बोरा, रेल्वे काय तुझ्या झाडासाठी वाकडी होऊन येणार आहे का?" शेजारचा हावेल ओरडला. घोडे त्याचे.

"मग तू जा की सरळ! तुला कुणी धरून ठेवलंय?"

"मातौश, बायको तुझी आहे ना? सांग तिला काहीतरी."

"सांगतो," आजोबा म्हणाले. "तू जरा लांब उभा राहा. घागरीत अजून पाणी आहे."

एकेक करून सगळी घरं गेली. आजोबा लोहार. गाव गेल्यावर भात्यापुढे बसून करणार काय? त्यात आजीला दिवस गेलेले. जमीन मऊ व्हायची वेळ जवळ आली, तेव्हा ते तिच्यासमोर येऊन बसले.

"त्याला एकट्याला टाकून मलाही जाववत नाही गं. पण हे जे येतंय, त्याला माणसं नकोत?"

आजी रडायला लागली. आजोबांनी तिला रडू दिलं.

"असं कर. घागर जवळ घे आणि मागच्या खिडकीत बस. झाड दिसतंय तोवर चूल जळू दे. दिसेनासं व्हायला लागलं की ओत पाणी. घर तिथं थांबेल. माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी घर निघालं. चुलीच्या भट्टीत खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, आजी खिडकीत, घागर मांडीवर. टेकाडाचा माथा ओलांडायला लागल्यावर गवतावर फक्त झाडाचा शेंडा उरला आणि तिनं पाणी ओतलं. धूर थांबला.

"अरे, आता नुसता उतार आहे! गाव समोर दिसतंय!" हावेलनं कपाळावर हात मारला. आजोबांनी घोड्यांची पहिली जोडी स्वतः सोडली. कोलाचे अर्धेकच्चे राहिले, तेच सगळ्यांनी खाल्ले. हावेल मरेपर्यंत ते उकरून काढायचा.

माझी आई त्या टेकाडावर जन्मली आणि पुढे लग्न करून गावात आली. आजोबा रोज उतरून गावातल्या लोहारभट्टीवर जायचे. आजी मात्र मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, गावाकडे पाठ करून. मी लहानपणी टेकाड चढून जायचे, तेव्हा आधी तिची पाठच दिसायची. मला राग यायचा. मेलेल्या पोराचं एवढं, आणि जित्यांचं काहीच नाही?

आजोबा शेवटचे अंथरुणाला खिळले, तेव्हा म्हणाले, "मला गावातल्या स्मशानात पुरा."

आजी भडकली. "वेड लागलंय का? वीतशेजारी तुझी जागा राखून ठेवलीय ना!"

"वीतकडे बघायला तू आहेस," आजोबा म्हणाले. "पण पुढच्या खिडकीतून तू कधी बघत नाहीस. तिकडे लेक आहे, ही नात आहे. मी तिकडे असलो तर बघशील."

ज्या पोराला स्वतःच्या हातांनी मातीत ठेवलं, त्याच्या शेजारची जागा त्यांनी सोडली. मला हे आठवलं की अजून रडू येतं.

त्यांना पुरल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी पाव घेऊन टेकाड चढले. खुर्ची पुढच्या खिडकीशी होती.

"टोपी कुठंय?" दार उघडताच आजी ओरडली. "घरातून निघालीस तेव्हापासून बघतेय, एवढ्या थंडीत बोडक्या डोक्यानं!"