नरहरी मास्तरांचा काचकागद
बोईसरजवळच्या एका लहानशा शाळेत नरहरी मास्तर चित्रकला शिकवत, म्हणजे फळ्यावर आंबा काढत. कागदाअभावी पोरांनी तो मनातल्या मनात काढायचा. बरीच पोरं त्यासाठी डोळे मिटत आणि घोरत.

एके दिवशी हेडमास्तर कमलाकांतराव म्हणाले, "सोमवारी साहेब तपासणीला येतायत. दाखवण्यासारखं काही नसेल, तर तुमचा तास बागकामाला देऊ."

मास्तरांनी सबंध आठवड्यात मनापासून शिकवावा असा तो एकच तास!

त्यांचा मेहुणा विश्राम तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होता. तिथे यंत्रं पारदर्शक प्लास्टिकात गुंडाळून येत आणि ते प्लास्टिक पुढे टाकून देत. त्या काचेसारख्या कागदासाठी मास्तरांनी घाईत चिठ्ठी खरडली : 'उरलासुरला काचकागद पाठव.' विश्रामनेही इमानेइतबारे सुतार लाकूड घासतात तो काचकागद पाठवला! फक्त दमट हवेने बिघडू नये म्हणून गुंडाळला होता, तो नेमका त्या प्लास्टिकात.

"तुझ्या भावाला डोकं नाही, पण मला नशीब आहे," मास्तर बायकोला म्हणाले.

"चिठ्ठी कोणाच्या डोक्यातून निघाली?" मंदाताईंनी विचारलं.

शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्याच. मास्तरांनी चौकटींवर प्लास्टिक ठोकलं. पलीकडे जे दिसेल, ते पोरांनी त्यावर गिरवायचं. पण रंग अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळू लागला. तेव्हा वर्गातल्या, वारल्यांच्या ठमीने काचकागदाचा तुकडा उचलला, प्लास्टिकवर हलकेच घासला आणि रंग लावला. चिकटला की!

"गुळगुळीत कुडावर चित्राचं पीठ बसत नाय, मास्तर," ती म्हणाली.

सोमवारी साहेब आले. पडवीतल्या खुर्चीवर बसतात न बसतात, तोच खिडकीतून हुकूम सुटला, "साहेब, तू हालू नको!"

ठमीच्या घरी देवालाही 'तू'च म्हणत. पण ते साहेबांना कोण सांगणार? मास्तरांना हातात फावडं दिसू लागलं. साहेब मात्र निमूट बसले. मग आत येऊन त्यांनी चित्र पाहिलं : दोन त्रिकोणांचं अंग, वाटोळं डोकं, त्यावर तीन रेघा.

"केस तीनच?"

"चवथा दिसला नाय."

हेडमास्तरांना जोराचा खोकला आला. साहेबांनी टाळूवरून हात फिरवला आणि शेरेबुकात लिहिलं, 'निरीक्षणशक्ती उत्तम. चित्रकलेचा तास चालू ठेवावा.'

मास्तरांनी तो शेरा तीनदा वाचला. साहेबांची गाडी वळताच ते म्हणाले, "आता कोणाला बसवू या?"

कमलाकांतराव टोपी सारखी करत पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसलेसुद्धा.