विनीचा डावा पाय

मी फिजिओथेरपिस्ट. डोंबिवलीत स्वतःचं क्लिनिक आहे. गंडेदोरे, उतारे असल्या गोष्टींना मी कधी दारात उभं केलेलं नाही... हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी हसायला नको.

माझी धाकटी बहीण विनी मोहन्याला राहते. ती पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने कमरेला तीनदा पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. दर रविवारी सकाळी तिच्या ओट्यावर वाकलेल्या माणसांची रांग असते. त्यात माझे पेशंटसुद्धा! मी वर्षानुवर्षं शिकले, आणि ही दहावी नापास बाई नुसता डावा पाय लावते. लहानपणापासून जळतेय मी तिच्यावर. गावात कुणीही आलं की "विनी कुठाय?" मला कोण विचारतंय!

गेल्या उन्हाळ्यात माझीच कंबर धरली. शेक, मशीन, गोळ्या... चार दिवस सगळं केलं, फरक शून्य. शेवटी झक मारत रिक्षाने विनीकडे गेले. आमची आय तिथेच कोलंबी सोलत बसलेली. विनीने मला पालथं झोपवून पाय टेकवला. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा कमरेत काहीतरी गरम सरकलं आणि दुखणं गेलं. पूर्ण! खोटं कशाला बोलू, आनंदापेक्षा रागच जास्त आला.

विनी चहा टाकायला आत गेली. मी आयला म्हटलं, "मी का नाही गं जन्मले पायाळू?"

आयने मानसुद्धा वर केली नाही. "पायालू तूच हाय. तिचा डोकाच पयला आला व्हता."

"काय?"

"हलू बोल. तू हुशार व्हतीस, तुला शाला व्हती. तिला पन कायतरी पायजे व्हता ना."

पुढे नवऱ्याच्या कमरेत उसण भरली, तेव्हा दार लावून मी माझा पाय लावून पाहिला. तीनदा. "अगं, जरा जोरात दाब," म्हणाला. काही झालं नाही. रविवारी तो मोहन्याला गेला आणि ताठ होऊन परत आला.

मनाचा खेळ म्हणावं, तर माझा विश्वास होताच कुठे? मला अजून काही उलगडलेलं नाही. विनीलाही मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तिच्या पायाचा गुण गेला तर?... आणि गेला तर मला बरं वाटेल, याचीच जास्त भीती वाटते.