अक्कांना स्ट्रॉबेरीची चव सांगताना

सकाळी सातच्या सुमारास रेखाचा फोन आला तेव्हा मी शाळेत न्यायचा डबा भरत होते. रेखा म्हणजे आमच्या शेजारच्या महादेवीअक्कांची सून. काही सांगायचं असलं की ती गॅलरीतूनच हाक मारते, त्यामुळे फोनवर तिचं नाव दिसलं आणि माझा हात थांबला. "काकू, अक्का उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी तशीच धावले. अक्का कुशीवर निजलेल्या होत्या, एक हात गालाखाली, रोज दुपारी लवंडायच्या तशाच. डॉक्टर आले, झोपेतच गेल्या म्हणाले. अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्याला आता सहा आठवडे होतील. या सहा आठवड्यांत मी बरंच रडले, पण त्याहून जास्त मला त्यांचे आभार मानावेसे वाटत राहिले. ते त्या असताना मानायचे राहून गेले, म्हणून हे लिहिते आहे.

जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. अक्का मूळच्या दुधनीच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि दोन्ही भाषांत त्यांचा आवाज सारखाच खणखणीत. त्यांचे यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, सून आणि अक्षता नावाची नात असं त्यांचं घर. सणावाराला त्यांच्या हातच्या होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, आख्ख्या गल्लीत वाटल्या जायच्या. पण मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, सकाळी जाऊन संध्याकाळी येणारी. पंधरा वर्षं शेजारी राहूनही "काय, बरं हाय का" आणि "हो अक्का, तुमचं कसं" यापलीकडे आमचं बोलणं फारसं झालं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. सकाळी दाढी करता करता छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी पुण्याला शिकायला. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी मी एकटी. पोटात काहीतरी घालायचं म्हणून मी भात शिजवायची आणि ताटलीत तसाच ठेवून उठायची. मुलीचा फोन आला की "जेवले" म्हणून सांगायची. अंगावरचे कपडे ढिले झाले. शाळेतल्या बायका काळजीनं बोलायच्या, मी मान हलवायची... कुणी "काहीतरी खाऊन घे गं" म्हटलं की मला त्या माणसाचा रागच यायचा.

अशात जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी अक्का दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत काहीतरी गुलाबी. "मीना, जरा चव बघून सांग की," म्हणाल्या. मला वाटलं, ही मला खाऊ घालायची नवी युक्ती. मी बोटाचं टोक जिभेला लावल्यासारखं केलं आणि "छान आहे" म्हटलं. अक्का हलल्या नाहीत. "छान म्हंजे कसं? गोड हाय, आंबट हाय, का करपल्यालं हाय? मला कळत न्हाय म्हणून तर आले."

तेव्हा मला समजलं. आदल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. गल्लीभर ज्यांच्या हाताचं नाव, त्या बाईला वर्षभर मीठही लागत नव्हतं, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. घरात रेखा चव बघायची, पण ती सासूला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यालाच छान म्हणायची. नातीनं मोबाईलवर स्ट्रॉबेरीचं फज बघितलं होतं. वाढदिवसाला केक नको, हेच हवं म्हणून ती हटून बसली. अक्कांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, ही तर वडीच की. बाजारातून दोन डबे स्ट्रॉबेरी आणल्या, पण आता पुढं अडलं होतं.

"अक्का, पण स्ट्रॉबेरीची चव तुम्हाला आठवत असेल ना, त्या अंदाजानं..."

"न्हाय गं. मी उभ्या जन्मात कधी खाल्ली न्हाय. दुधनीत कुटली इस्टाबेरी? आता खाल्ली तर नुसता वला कापूस चावल्यावानी लागतंय." आणि मग उंबऱ्यावरच बसत म्हणाल्या, "कशी लागते सांग बरं."

मला सांगता येईना. मी वाटीतलं परत तोंडात घातलं, या वेळी खरोखर. म्हटलं, आधी आंबट येतं, गाभुळलेल्या चिंचेसारखं, पण दात आंबत नाहीत. मागून गोड येतं. आणि सगळ्यात शेवटी एक वास राहतो... गुलाबाच्या जवळ जाणारा, पण गुलाबाचा नाही. अक्का मन लावून ऐकत होत्या. "आनि?" म्हणाल्या. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं की मुलगी लहान असताना आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, तिथं यांनी मळ्याच्या बांधावर बसून इतक्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या की पांढऱ्या शर्टावर डाग पडले, आणि ते डाग मी घासते आहे तोवर हे पोरीबरोबर आणखी एक द्रोण संपवून आले. ते गेल्यापासून मी त्यांच्याबद्दल कुणाशी असं बोलले नव्हते. माझं बोलून झाल्यावर अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या परत करते. तू यायचं."

मी गेले. पहिल्या दिवशी दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी वडीचं चॉकलेट झालं, दाताला चिकटून सुटेना. तिसऱ्या दिवशी जमलं, आणि जमल्यावर कळलं की ते किती सोपं आहे. स्ट्रॉबेरी धुऊन, कोरड्या पुसून, बारीक वाटायच्या. जाड बुडाच्या कढईत त्यात थोडी साखर घालून आधी नुसता गर आटवायचा, जॅमसारखा घट्ट होईपर्यंत. इथं घाई केली की पुढं दूध फाटलंच. गर गार झाला की मग डब्यातलं घट्ट गोड दूध, दुधाची पावडर आणि दोन चमचे तूप घालून मंद आचेवर हलवत राहायचं. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की गॅस बंद. तूप लावलेल्या ताटात थापायचा, निवला की वड्या. पाकाची तार नाही की काही नाही. रंग अक्कांनी कधी घातला नाही. "फळाला सोताचा रंग हाय की," म्हणायच्या. वास येत नव्हता म्हणून त्या कानानं स्वयंपाक करायच्या. कढईतला आवाज पातळ आहे की जाड, यावरून त्यांना गर कुठं आला ते कळायचं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शाळेतून आले की माझी हजेरी त्यांच्या स्वयंपाकघरात. आमटी, भाजी, शेंगाची चटणी, सगळ्याची चव मी सांगायची. चव सांगायची तर खावं लागतं. माझं जेवण असं परत सुरू झालं, आणि ते सुरू झाल्याचं बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, मला लाज वाटते तरी. पुढच्या हिवाळ्यात अक्षताच्या वर्गासाठी अक्कांनी चाळीस वड्या केल्या. यांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर होतं. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. रेखा माहेरी गेलेली. अक्कांनी वडी पुढं केली, मी ती पदराआड ठेवली आणि "एकदम छान" म्हणाले. तूप खवट झालं होतं. अक्कांना वास येणं शक्यच नव्हतं, आणि मी तर चाखलीच नव्हती. वर्गातल्या मुलांनी तोंडातली वडी थुंकली, अक्षता रडत घरी आली. संध्याकाळी अक्का माझ्याकडं आल्या. आवाज चढवला नाही, त्यानंच मला जास्त लागलं. "मी तुझ्या जिभेवर भरवसा ठेवलता," म्हणाल्या. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग तसं सांगायचं. आज माज्यानं व्हत न्हाय म्हणायचं. मी थांबले असते की. खोटं कशाला?"

दुसऱ्या दिवशी नवं तूप कढवून आम्ही पुन्हा चाळीस वड्या केल्या, आणि मी त्यातल्या तीन खाऊन बघितल्या. दोघी मिळून अक्षताच्या शाळेत गेलो. चूक माझी होती हे मी तिच्या वर्गाच्या बाईंना सांगायला लागले, तर अक्का मधेच म्हणाल्या, "आमच्या दोघींची. मी वास घेतला न्हाय, हिनं चव घेतली न्हाय." बाई हसल्या. अक्षतानं स्वतः डबा फिरवला.

आणि गेल्या डिसेंबरात एक दिवस, गर आटत असताना अक्कांनी सवयीनं चमचा तोंडात घातला आणि तशाच थांबल्या. परत घातला. "मीना, ह्ये आंबट हाय व्हय?" मी म्हटलं, "हो अक्का, आहे." "मला लागलं," म्हणाल्या. बाकी काही नाही, गोड नाही, वास नाही, फक्त आंबट. गॅस मंद करून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तू सांगितल्यालं बरोबर हाय. चिंचंवानीच हाय. त्ये गुलाबाचं काय कळंना अजून." गुलाबाचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवसापासून दोन महिने रोज एक स्ट्रॉबेरी त्या मिटल्या डोळ्यांनी खायच्या. मी ते बघत असे.

परवा रेखानं बोलावलं. बाजारात हंगामातल्या शेवटच्या स्ट्रॉबेरी आल्या होत्या, जरा मऊ पडलेल्या. तिनं एकटीनं वड्या केल्या होत्या, पहिल्यांदाच. त्यांच्या ओट्याशेजारी एक बुटकं लाकडी स्टूल आहे. पदार्थाची चव मी काय सांगते ते ऐकायला अक्का त्यावर बसायच्या, हात मांडीवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकावा तशा. मी उभीच होते. माझ्याकडं बघत रेखा त्या स्टुलावर बसली. मी वडी खाल्ली, सावकाश. म्हटलं, "रेखा, साखर जास्त झाली आहे. आंबटपणा पार मेला." तिचा चेहरा जरा उतरला, मग ती हसली. "अजून एक डबा शिल्लक हाय काकू," म्हणाली, आणि उठून स्ट्रॉबेरी धुवायला लागली.