ड्रायव्हरशेजारची जागा

उनाइसी माहेरी यायची ती कोरड्या दिवसांत. दक्षिणेकडच्या त्या बेटावर पाऊस वर्षाच्या सुरुवातीला, जुलै-ऑगस्टात रस्ता घट्ट असतो आणि नदी गुडघ्याएवढी. ऐन पावसात डोंगर चढून येणारी बाई एक तर वेडी, नाही तर कुणाच्या मरणाची बातमी ऐकून निघालेली, असं तिच्या माहेरगावी, नावुनितूत म्हणतात. म्हणून त्या फेब्रुवारीत ती पोती वाहणाऱ्या मुनसामीच्या ट्रकमधून चिखलानं माखून उतरली, भेट म्हणून आणलेली, कावा हे पेय करतात त्या मुळ्यांची जुडी छातीशी धरून, तेव्हा ओसरीवरच्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग तिला या म्हटलं.

कुणी मेलं नव्हतं. तिच्या थोरल्या भावाच्या, नेतानीच्या पायाला अळूच्या मळ्यात कुदळ लागली होती. त्यात त्याला साखरेचा आजार. पाय सुजून काळा पडत चालला होता आणि हा काही खाली सिंगाटोका शहराच्या दवाखान्यात जायला तयार नव्हता. फोनला रेंज मिळते त्या टेकडीवर भिजत उभं राहून त्याच्या बायकोनं, केलेरानं, नणंदेला कळवलं होतं, "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

तसं पाहिलं तर उनाइसी आणि नेतानी एकमेकांशी बोलतच नसत. भांडण काही नव्हतं. त्या डोंगरात बहीण-भाऊ मोठे झाले की बोलत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, खांद्याला खांदा लागू देत नाहीत. बहिणीचा मान एवढा की त्याला शब्दाचाही धक्का लागू नये. लहानपणी दोघं नदीतले दगड उलटून कोळंबी पकडत. नेतानी दगड उचले, उनाइसी खाली टोपली धरे, आणि कोळंबी निसटली की तो तिला आंधळी म्हणे. मग उनाइसी न्हाती झाली. आईनं तिला नवं कापड नेसवलं आणि त्या संध्याकाळी नेतानी जेवायला बसला तो पाठ करून. तेव्हापासून पाठच.

लग्न होऊन ती खाली गेली. नवरा साखर कारखान्यात होता. माणूस वाईट नव्हता, पण लवकर गेला. बाजारात अळकुड्या विकून तिनं दोन मुली मोठ्या केल्या. अळकुड्यांची पोती वरून नेतानी पाठवायचा. निरोप कधीच नाही. फक्त पोत्याच्या तोंडाशी केळीच्या पानात बांधलेली धुरावलेली कोळंबी असायची. ती मात्र उनाइसी विकायची नाही आणि मुलींनाही द्यायची नाही. चुलीशी बसून एकटीच खायची.

संध्याकाळी पत्र्यावर पाऊस कोसळत होता. खोलीत मधोमध फुलाफुलांचा पडदा, पलीकडे नेतानी आडवा, अलीकडे उनाइसी, आणि पडद्याच्या टोकाशी केलेरा, दोन्हीकडे तोंड फिरवत. जखमेचा वास लिंबाच्या पानांच्या चहातूनही येत होता.

"वहिनी, त्यांना सांग," उनाइसी म्हणाली, "की म्हातारपणी एवढा हट्ट शोभत नाही. पाय गेला तर मळा कोण बघणार? आणि तू काय त्यांना पाठीवर घेऊन हिंडणारेस?"

केलेरानं पडद्याआड तोंड नेलं. "वन्सं म्हणतात, तब्येतीला जपा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "एवढी मोठी बात आणि पोचली एवढीच? उरलेली तू खाल्लीस वाटतं."

उनाइसीनंही तोंडावर हात धरला. दोघांना एकमेकांचं सगळंच ऐकू येत होतं. पण ऐकू आलं म्हणून उत्तर देता येत नव्हतं.

नेतानीनं बायकोला सांगितलं, की खाली गेलेल्या गावातल्या साकारियाचा पाय कापला, तो परत आला तो खोक्यातून. उनाइसीनं सांगितलं, की साकारियाला न्यायलाच उशीर केला होता, त्याच्या हट्टानं नेला त्याला. केलेरा इकडचं तिकडे करता करता थकली, आणि शेवटी नवऱ्याच्या पायाशी बसून रडायला लागली.

मग नेतानी म्हणाला, "सांग तिला. एवढ्या पावसात आली आहे. तिचा शब्द मी मोडणार नाही. सकाळी निघू."

सकाळी मुनसामीनं ट्रक घराशी आणला. नदी चढतेय, लवकर करा, म्हणाला. गावातल्या चौघांनी नेतानीला उचलून बाहेर आणलं. आणि तिथं सगळं अडलं.

ट्रकला पुढे ड्रायव्हरशेजारी अरुंद बाकडं. त्यावर बहीण-भावांनी चिकटून बसायचं, हे शक्यच नव्हतं. एकानं पुढे, एकानं मागे. मागे फाटकी ताडपत्री, कावाची पोती आणि घोट्याएवढं पाणी.

उनाइसी मागे चढू लागली. नेतानीनं दाराला हात लावला आणि थांबला.

"केलेरा, तिला खाली उतरव. बहिणीला पावसात पोत्यांवर बसवून मी पुढे बसू? लोक काय म्हणतील माझ्या तोंडावर? ती पुढे बसेल. मी मागे."

मुनसामी म्हणाला, "दादा, त्या पाण्यात उघडी जखम घेऊन? गाडी माझी आहे, मी नेणार नाही." केलेरानंही नवऱ्याचा दंड धरला. उनाइसीनं वहिनीकरवी सांगितलं, की ते पुढे बसोत, ती चालत खाली येईल. नेतानीनं नकाराची मान हलवली; बहीण चिखलात आणि आपण गाडीत हे नको, आणि तिला मागे ठेवून आधी जाणंही नको. मुनसामीला उरलेली पोती न्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचंच होतं. मग ठरलं. आज उनाइसीनं पुढे जायचं, दवाखान्यात सांगून ठेवायचं. उद्या नेतानी येईल.

"दादा, बस पुढे." एवढे तीनच शब्द. ते उनाइसीच्या गळ्यापर्यंत आले होते. तिनं तोंडानं मागितलं असतं तर नेतानीला नाही म्हणता आलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण सगळं गाव ओसरीवर उभं. बहिणीनं चारचौघांत थेट तोंडाला तोंड दिलं, ही लाज त्याला जन्मभर पुरली असती. आणि आणखीही एक होतं. गावच्या बायका बघत होत्या, की उनाइसीचा भाऊ मरणाच्या दुखण्यातही तिला मान देतोय. तिला ते बरं वाटलं. ती पुढच्या बाकड्यावर बसली, नीट, कापड सावरून. नेतानीनं तोंड फिरवून घेतलं होतं. आरशात तिला त्याची पाठ दिसत राहिली, वळण येईपर्यंत.

ट्रकची चाकं नदीतून कशीबशी निघाली. दुपारी पाणी वाढलं, आणि गावाकडचा उतार रस्त्यासकट खाली आला.

उनाइसी दवाखान्याच्या दारात बसून राहिली. खाट सांगून ठेवली होती, आणि रोज नर्स विचारायची, आले का? तिसऱ्या दिवशी टेकडीवरून केलेराचा फोन आला. ताप डोक्यात गेला होता. शेवटी शेवटी तो कोळंबीबद्दल काहीतरी बोलत होता, टोपली नीट धर, असं.

पाणी ओसरल्यावर ती ढासळलेल्या भागातून चालत वर गेली. तिच्यासाठी गावानं माती थांबवली होती. बायकांनी तिला हात धरून आत नेलं. नेतानी चटयांच्या थरावर होता, अंगावर झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड. मधला पडदा काढला होता. मेलेल्याचा मुका घ्यायचा असतो, तिथे बहिणीलाही मज्जाव नाही.

कपाळ गार होतं आणि धुराचा वास होता. किती म्हातारा झाला होता तो. समोरून तिनं त्याला एवढ्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. भुवया अगदी आईसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"दादा," ती म्हणाली, "तू पुढे बसायचं होतंस."

उशाशी बसलेली केलेरा सवयीनं त्याच्या कानाशी वाकली. "वन्सं म्हणतात," तिनं सुरुवात केली, आणि तशीच वाकून राहिली.