अलकाची डावी बाजू

रमेशरावांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "वहिनी, अलका गेली," एवढंच ते म्हणाले. हात कणकेने भरलेले, फोन नीट धरताही येईना. त्याला आता दीड महिना होत आला.

अलका माझी नणंद, रमेशराव तिचे यजमान. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचंही पटायचं नाही, पण भांडायला दोघींना दुसरं कुणी चालायचं नाही. मी मुलुंडला, ती घाटकोपरला, त्यामुळे भांडण अर्धवट राहिलं तर ते पुरं करायला लगेच जाता यायचं. तिला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. हा शब्द लिहिताना मी आजही बिचकते; आमच्या घरात सगळे 'ती बाजू' म्हणायचे. अलका मात्र कुणी विचारलं की खणखणीत सांगायची, "स्तन काढला. पोटाचं मांस घेऊन नवा केला. पोटही आत गेलं, एकात दोन कामं!" ऐकणाऱ्याची वाट लागायची.

नवा स्तन दिसायला झकास होता, पण तिथे तिला काही जाणवायचं नाही. एकदा फोडणीचं तेल उडालं, ते तिला संध्याकाळी कपडे बदलताना, फोड बघून कळलं. त्या दिवशी ती रडली. ऑपरेशनच्या वेळी नाही, केस गेले तेव्हा नाही, एवढ्याशा फोडावर रडली. रडताना ती मालवणीत यायची. "माका कायच कळना नाय गो वहिनी. दिसता माझा, पण माझा नाय ता." मी तिला जवळ घेतलं. पण या मिठीतली मी तिला अर्धीच कळत असणार, हे काही माझ्या मनातून जाईना.

डॉक्टरांनी नवा स्तन करतानाच तिथे एक नस जोडली होती. संवेदना येईल, पण हळूहळू आणि येईल तितकीच, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. रोज निरनिराळ्या वस्तूंनी तिथे स्पर्श करायचा, आधी बघून आणि मग डोळे मिटून, म्हणजे नसेला पुन्हा ओळख पटते म्हणे. हे काम माझ्या गळ्यात पडलं. "रमेशरावांना सांग की," मी म्हटलं. ती म्हणाली, "ते हात लावतात आणि 'दुखतंय का' विचारतात. मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते. तू ये ना." मग मी दुपारी घाटकोपरला जायची, दाराला कडी लावायची आणि कापूस, चमचा, कंगवा असं काहीबाही तिथून फिरवायची. ती डोळे मिटून ओळखायची, म्हणजे खुशाल ठोकून द्यायची. "चमचा!" "अगं, मी अजून काही लावलंच नाही!" हसून हसून आमची पोटं दुखायची. मग ती उठून ब्लाउजची बटणं लावायची, आणि मी कडी काढून चहा टाकायला जायची.

कित्येक महिने असेच गेले. मग एके दिवशी तिचा मेट्रो स्टेशनवरून फोन आला, मागे सगळा गलका. "वहिनी, खाज सुटलीय!"

"मग खाजव की."

"अगं तिथे! डावीकडे!"

एवढ्या गर्दीत ती ओरडत होती, आणि इकडे स्वयंपाकघरात मी नाचायचीच बाकी राहिले होते. खाजेचं एवढं कौतुक कुणी केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पुढे तिला गार कळायला लागलं, मग कापूसही. सगळं नाही आलं. काखेकडचा भाग बधिर तो बधिरच राहिला. पण जवळ घेतलं की म्हणायची, "थांब, हलू नकोस... कळतंय," आणि सोडायचीच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षाच्या रांगेत, कुठेही. मला घाम फुटायचा, मी तिला ढकलायची. आज ती मिठी इतकी हवीशी वाटते की घरात कुणी नसलं की मी नुसतीच दारात जाऊन उभी राहते.

रोग परत आला तो यकृतात. डावी बाजू शेवटपर्यंत चांगली राहिली.

सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. भावजय म्हणून ती मीच घेऊन गेले, आणि तिला आंघोळ घालायलाही मीच बसले. शेजारच्या काकूंनी घाईघाईत नळाखालची बादली तशीच उचलून आणली होती. मी पाण्यात हात घातला तर गारढोण. मी म्हटलं, "काकू, जरा कोमट करून आणा."

काकू माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "अहो, आता तिला काय कळतंय?"

"कळतं," मी म्हणाले. "डावीकडे थोडं कळतं."