पाठीची कटोरी

नातवंडांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे खुंटीला टांगलेला ब्लाउज तुम्हाला दिसला आणि धाकटीने विचारलं, "आजी, त्याच्या पाठीला फुगा का आहे?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली. म्हणून हे लिहिते आहे. तो ब्लाउज तुमच्या डोणगावच्या मोठ्या आजीचा, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. या हिवाळ्यात त्या वारल्या. सुनांनी साड्या वाटून घेतल्या, पण ब्लाउज कोणालाच होईना. तेव्हा त्यांनी त्यातला एक मेहकरला माझ्याकडे पाठवून दिला. तो कसा बेतला हे सांगू शकणारी माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाला आता नीट दिसत नाही. मला दिसतं, तोवर लिहून ठेवलेलं बरं.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण यातलं कोणी इंग्रजीत बोललं नाही. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

मी निवृत्त झाल्यावर तुमच्या बाबांनी मला एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. साधं शिवण मला येत होतं. पुस्तकातलं मात्र काही निराळंच होतं. एका सदऱ्याच्या छातीवर कापडाचीच गाठ उमललेली, एका झग्याची बाही पीळ घेत मनगटापर्यंत उतरलेली. वरून जोडलेलं काहीच नाही, सगळं बेतण्यातून निघालेलं. सगळ्याचं मूळ एकच होतं. साधा फर्मा, म्हणजे कपड्याच्या तुकड्याचा नमुना, कागदावर काढायचा, तो हवा तिथे कापायचा, उघडायचा आणि उघडलेल्या जागेत नवं कापड येऊ द्यायचं. मला ते व्याकरणासारखं वाटलं. नियम कळला की वाक्य आपलं आपल्याला बांधता येतं.

पण कात्री धरणारा हात हवा होता. बसस्टँडच्या मागे एका टेलर मास्टरांचं दुकान होतं. वडिलांपासून चालत आलेलं, बाहेर कपाळावर चष्मा ठेवून बसलेले मास्टर. मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. त्यांनी पानं उलटली, एका चित्रापाशी थांबले.

"मॅडम, हे घालून माणूस जेवते कसा?"

"ते नंतर बघू. हे कापता येईल का?"

"कापता तर सगळं येते. वाचता येत न्हाई. तुम्ही वाचा, मी कापतो."

असं ठरलं. आठवड्यातून तीन दुपारी मी वाचायची, ते कापायचे. आधी वर्तमानपत्र, मग खाकी कागद, मग मांजरपाटाचं जाडंभरडं कापड. कधी पुस्तक सेंटिमीटर सांगायचं आणि ते वीत-बोटांत ऐकायचे, पण त्यांचं बोट माझ्या पट्टीपेक्षा खरं निघायचं. वर्षभरात मी पीळ, गाठ, कापडातच दडलेला खिसा, सगळं स्वतः बेतायला लागले. दोरासारखी वळलेली कॉलर असलेला कुर्ता घालून मी बँकेत गेले, तर ओळखीच्या बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, उलटा घातला का?" मी म्हटलं, "नाही, सुलटाच आहे. बघायची सवय व्हायला वेळ लागतो."

असा माझा भरवसा वाढलेला असताना डोणगावहून निरोप आला. जाऊबाईंच्या नातवाचं लग्न मे महिन्यात शेगावला ठरलं होतं, आणि त्या येणार नव्हत्या.

कारण मला माहीत होतं. त्यांच्या पाठीला बाक आला होता. मानेखाली चांगला उंचवटा होता. कोणताही ब्लाउज मागून वर चढायचा आणि पुढून घोळ व्हायचा. आधीच्या नातीच्या लग्नात भर उन्हाळ्यात त्या शाल गुंडाळून आतल्या खोलीत बसल्या होत्या. फोटोला बोलावलं तेव्हा पान लावते आहे म्हणून सांगितलं. पान त्या खातही नव्हत्या.

मी डोणगावला गेले आणि म्हटलं, "बाई, ब्लाउज मी शिवते. तुम्ही लग्नाला चला."

"अवं, तू शिकवली पोरायले इंग्रजी. आता माह्या पाठीले शिकवतं का?"

पण ट्रंक उघडून त्यांनी मापाचा ब्लाउज दिला. आपल्याकडे बायकांचं माप टेलर घेत नाही. चांगला बसलेला एक जुना ब्लाउज असतो, तो पिशवीत घालून पाठवायचा, त्याच्यावरून नवा शिवायचा. पुढे तो नवा मापाला जातो. जाऊबाईंचा ब्लाउज असाच एकावरून एक होत आला होता. त्यातला पहिला त्यांची पाठ ताठ होती तेव्हाचा असणार. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. पुस्तक म्हणालं पाठ कापून उघडा. मी त्या मापावर अंदाजाने दोन बोटं उघडली आणि सुंदर शिवलं.

त्यांनी घातला. मागून चार बोटं वर चढला, गळा दाबायला लागला. त्यांनी काढला, घडी केली, माझ्या हातात दिला.

"घे. पोरायच्या वहीवर लाल करतं ना, तसं कर याच्यावर."

चूक माझीच होती. पाठ मी पाहिलीच नव्हती, कारण त्या दाखवत नव्हत्या आणि मी मागितली नव्हती. मी मेजरिंग टेप काढली तर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या.

मग मी टेप ठेवून दिली. दारामागची सुतळी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. "आधी माझं माप घ्या," म्हटलं.

"मले कुठं येते?"

"कानापासून खांद्यापर्यंत. दोन्हीकडून. गाठ मारा."

त्यांनी एकीकडे गाठ मारली, दुसरीकडे धरली, पुन्हा पहिलीकडे धरली. मग खो खो हसायला लागल्या. "तू बी वाकडीच हाय की वं! हा खांदा पाय, उतरला!"

खरंच होता. एकतीस वर्षं एकाच खांद्यावर वह्यांची पिशवी. मी पन्नास कपडे बेतले होते आणि मला हे माहीत नव्हतं. हसू ओसरल्यावर त्यांनी पदर काढला, अंगणाकडे तोंड करून पाटावर बसल्या, पुढ्यात निवडायची तूरडाळ घातलेलं सूप ओढलं. "कर काय करतं ते. पण लवकर."

मी त्यांच्या पाठीवर पातळ प्लॅस्टिक ठेवलं आणि तांदळाच्या दाट खळीत बुडवलेला मांजरपाट त्यावर बसवला, बोटांनी दाबत, सुरकुती राहू न देता. मेचं ऊन होतं. त्या डाळ निवडत होत्या आणि मला बोलत होत्या. "पापड घालून राह्यली का माह्या पाठीवर? वाळले का?" अर्ध्या तासाने वाळला. उचलला तर हातात त्यांची पाठ आली, कडक, जशीच्या तशी.

ती मांडीवर धरून मी एसटीने मेहकरला आले. शेजारच्या बाईने विचारलं, "टोपलं हाय का?" मी हो म्हटलं.

मास्टरांपुढे मी पुस्तक उघडलं. त्यांनी ते बाजूला सरकवलं. मांजरपाटाचा तो आकार त्यांनी उपडा होता तो उताणा केला आणि काउंटरवर ठेवला. वाडग्यासारखा दिसला. त्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मॅडम, ही तर कटोरी हाय."

कटोरी ब्लाउज तुमच्या आईलाही माहीत आहे. पुढच्या बाजूला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडतात, म्हणजे छातीवर नीट बसतो. हजारो बायका घालतात. पाठीत कटोरी कोणी कधी घातली नव्हती.

"ती पुढे असते, मास्टर."

"कपड्याले काय माहीत पुढं का मांगं? जिथं उंच, तिथं कटोरी."

पुस्तकात हे नव्हतं, पण पुस्तकातलं सगळं त्यात होतं. मास्टरांनी कडेपासून टोकापर्यंत चार चिरा दिल्या. वाडगा उमलून खाकी कागदावर सपाट झाला. चार तुकडे, मध्ये फटी. जिथे फट, तिथे शिलाई. मी कडेने रेघा काढल्या, शिलाईसाठी कडेला जास्तीची जागा, म्हणजे माया, सोडली, पुढची बाजू आखूड केली, खांद्याची शिलाई बोटभर पुढे आणली. कापड मी कापलं. ते नुसते उभे होते.

शेगावला जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या. मोरपंखी साडी, तोच ब्लाउज, मागून सरळ रेषेत बसलेला. बाक होताच, तो कुठे जाणार? पण कापड त्याच्याशी भांडत नव्हतं. एका नातेवाईक बाईंनी हटकलं, "काऊन वं, शाल कुठं हाय?"

"गाडीत राह्यली," जाऊबाई म्हणाल्या. शाल त्यांनी डोणगावहून निघताना घेतलीच नव्हती. फोटोला बोलावलं तेव्हा त्या उठल्या आणि नवरदेवाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "आता हाच मापाले ठेव."

पुढे त्यावरून मी आणखी चार शिवले. मास्टरांनी मोतीबिंदूनंतर कापणं सोडलं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मांजरपाटाची ती चिरलेली पाठ मी कपाटात जपून ठेवली होती, पण खळ तांदळाची, उंदरांनी खाल्ली. ब्लाउज आहे. कटोरीचा खाकी कागद चारही तुकड्यांसह आहे, आणि त्याच्या मागे सुतळी चिकटवलेली आहे, माझ्या खांद्याच्या गाठीसकट.